बुद्धिबळाची पुस्तकं जमवताय? आधी एंडगेमचं घ्या

बुद्धिबळाची पुस्तकं जमवायला लागलं की पहिले पैसे ओपनिंगवर, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींवर जातात, आणि तिथेच चुकतं. सिसिलियन या ओपनिंगच्या एखाद्या उपप्रकारावरचं जाडजूड पुस्तक बघता बघता शिळं होतं. बुद्धिबळाचं इंजिन (संगणक प्रोग्राम) एक नवी चाल काढतं आणि अख्खं प्रकरण बाद! एंडगेम, म्हणजे मोजकी मोहरी उरल्यावरचा डाव, त्यातले हत्ती-प्याद्यांचे शेवट मात्र शिळे होत नाहीत. सुरुवातीला सिलमन यांचं २००७ चं एंडगेमचं पुस्तक घ्या. त्यात प्रकरणं रेटिंगनुसार लावलेली आहेत, आपल्या पातळीपुढची तूर्त सोडता येतात. ड्वोरेत्स्की यांचं एंडगेमचं पुस्तक फार नंतर.

फिलिडोरची स्थिती, म्हणजे हत्तीच्या शेवटात बरोबरी राखायची प्रसिद्ध मांडणी, पटावर मांडूनच बघा. दोघांकडे एकेक हत्ती, पांढऱ्याकडे एक प्यादं जास्त, काळा राजा त्या प्याद्याच्या बढतीच्या घरात (जिथे पोचून ते वजीर होतं). काळ्याने हत्ती आपल्याकडून तिसऱ्या आडव्या रांगेत धरून ठेवायचा, पांढऱ्या राजाला वाट मिळत नाही. प्यादं त्या रांगेत आलं की पांढऱ्या राजाचा आडोसा गेला. मग लगेच हत्ती पार पलीकडच्या टोकाला न्यायचा आणि मागून शह देत राहायचं. बरोबरी. पण प्यादं यायच्या आधीच हत्ती हलवला, तर राजा पुढे घुसतो आणि सोपी बरोबरी अवघड होऊन बसते.

जुनी प्रत घेताना आतलं एखादं पान उघडून चाली कशा लिहिल्यात ते बघाच. 'पी-के४' दिसलं तर ती जुनी पद्धत. तिच्यात एकाच घराला पांढऱ्याकडून एक नाव आणि काळ्याकडून दुसरं. सवय नसेल तर दहाव्या चालीपर्यंत मोहरी भलतीकडेच जातात. जगज्जेता बॉबी फिशरच्या १९६९ च्या साठ डावांच्या पुस्तकाची १९९५ ची आवृत्ती नव्या पद्धतीत (प्रत्येक घराला एकच नाव, जसं e4) आली, पण मूळ मजकुरात फेरफार करून. २००८ च्या आवृत्तीत मूळ मजकूर परत आला, तीच घ्या. या पुस्तकात त्याने स्वतःचे ३ पराभवही दिलेत, ते आधी वाचा.

नवख्यासाठी चेर्नेव्ह यांचं पुस्तक: ३३ डाव, प्रत्येक चालीचं कारण दिलेलं. मुरलेल्यासाठी ब्रॉनस्टीनचं झुरिक १९५३ या स्पर्धेवरचं पुस्तक, त्यात २१० डाव.

स्वस्त झेरॉक्स प्रती नकोत. आकृतीतली काळी घरं इतकी गडद येतात की उंट कुठला, प्यादं कुठलं, ओळखू येत नाही.

वाचताना पट दोन ठेवा. मुख्य डाव एकावर, कंसातल्या चाली दुसऱ्यावर. एकाच पटावर मागे-पुढे केलं की मूळ स्थिती हमखास चुकते. पुढची चाल कागदाच्या पट्टीने झाका, आपली चाल पेन्सिलीने समासात लिहा, मगच पट्टी खाली सरकवा.