‘.३२’ म्हणजे एकच काडतूस नव्हे

‘परवाना .३२चा असला की पिस्तुलाची काडतुसं रिव्हॉल्व्हरमध्येही चालतात,’ असा मेसेज फिरतोय. ते चूक आहे. .३२ हा नुसता गोळीच्या व्यासाचा इंचातला ढोबळ आकडा. ‘अशनी’ पिस्तुलाला .३२ एसीपी हे काडतूस लागतं, कानपूरच्या ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हरला .३२ एस अँड डब्ल्यू लाँग. एसीपीची पुंगळी (काडतुसाचं धातूचं कवच) सुमारे १७ मिमी, लाँगची २३. घोटाळा असा, की एसीपीच्या बुडालाही बारीकशी कड असते, त्यामुळे ते रिव्हॉल्व्हरच्या घरात बरेचदा बसतं. पण त्याचा कमाल दाब २०,५०० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), आणि रिव्हॉल्व्हर ज्यासाठी बनलंय त्या लाँगचा १५,०००. शिवाय कड पातळ, म्हणून घोड्याचा फटका नीट बसत नाही आणि कधीकधी बार उडत नाही. उलटं करून बघायची सोयच नाही. लाँग पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये मावत नाही. दुकानात नुसतं ‘बत्तीस’ मागू नका, पूर्ण नाव सांगा आणि पुंगळीच्या बुडावरची अक्षरं नळीवरच्या शिक्क्याशी ताडून घ्या.