पावणेदोन लाखांचा डबा

गेल्या रविवारी रिहर्सलला आमच्या बासवाल्या पोराने मोबाईल थेट माझ्या नाकासमोर धरला. "भाऊ, पाहा न हे. तुमचंवालं म्हातारं झालं आता, विकून टाका." स्क्रीनवर नवा गिटार मॉडेलर. मोठा टचस्क्रीन, किंमत पावणेदोन लाखांच्या घरात. मी म्हटलं, "काहून विकू बे? बिघडलं का ते?" तेव्हापासून आमच्या ग्रुपवर हाच वाद चालू आहे. तिथे टाइप करून अंगठे दुखले, म्हणून एकदाच इथे लिहून टाकतो.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी: इलेक्ट्रिक गिटारचा जो आवाज आपण ओळखतो, तो अर्धा गिटारचा आणि अर्धा ॲम्पचा, म्हणजे ॲम्प्लिफायरचा असतो. मॉडेलर म्हणजे ॲम्प, त्याखालचा स्पीकर आणि त्यासमोरचा माइक, हे सगळं गणिताने उभं करणारा डबा. १९९८ साली लाइन सिक्स कंपनीचा पॉड आला, राजम्याच्या दाण्यासारखा, लालभडक. २००६ला फ्रॅक्टलचं ॲक्स-एफएक्स. २०११च्या आसपास केम्परने खऱ्या ॲम्पचा आवाज मोजून त्याची छबी काढायची कल्पना लोकांपर्यंत आणली. २०१५ला लाइन सिक्सचंच हेलिक्स, २०२१ला क्वाड कॉर्टेक्स, २०२३ला फेंडरचा टोन मास्टर प्रो. २०२५ला हेलिक्स स्टेडियम आला आणि केम्परचीही दुसरी आवृत्ती आली. दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी आपल्या हातातल्या वस्तूला म्हातारं ठरवतं.

माझ्याकडे एचएक्स स्टॉम्प आहे, हेलिक्सचा छोटा भाऊ. २०१८चं मॉडेल, तेही सेकंडहँड.

मी सतरा-अठरा वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवून राहिलो. दिवसा नोकरी, रात्री रिसेप्शन, गणपती, शारदोत्सव, आणि एप्रिल लागला की १४ तारखेच्या आगेमागे वस्त्यावस्त्यांतले भीमगीतांचे स्टेज. इतक्या वर्षांत माझ्या ॲम्पसमोर कुणी माइक लावल्याचे प्रसंग एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. साऊंडवाला भाऊ वायर फेकतो आणि म्हणतो, "लावा इथं." म्हणजे गिटार थेट मिक्सरमध्ये. गिटारचा बारा इंची स्पीकर पाच-सहा किलोहर्ट्झच्या वरचं बरंचसं गिळून टाकतो. तो मध्ये नसला की डिस्टॉर्शनचा, म्हणजे मुद्दाम फाडलेल्या आवाजाचा, सगळा करकराट तसाच्या तसा पीएमधून, म्हणजे लोकांकडच्या मोठ्या स्पीकरमधून, बाहेर पडतो. पत्र्याच्या डब्यात भुंगा कोंडल्यासारखा. म्हणून पहिला मॉडेलर घ्यावा का, असं विचाराल तर डोळे झाकून विकत घ्या. आपल्याकडच्या गिटारवाल्यासाठी याहून कामाची वस्तू नाही. मधल्या काळात मी एक जुना ट्यूब ॲम्प घेतला होता. वीस-बावीस किलो, मी तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. घरात तो इतका गोड वाजायचा की सांगता येत नाही. पण लॉनवर जनरेटरचा व्होल्टेज वर-खाली झाला की आधी माझ्या छातीत धडधडायचं. दीड वर्षात विकला. आजही कधीकधी त्याची आठवण येते, ती गोष्ट वेगळी.

प्रश्न दुसऱ्याचा आहे. म्हणजे चालतं मॉडेलर असताना नवं घेण्याचा.

दिवाळीनंतर एका ओळखीच्या स्टुडिओवाल्याने त्याचं नवंकोरं यंत्र दोन दिवसांसाठी दिलं. आम्ही चौघं माझ्या खोलीत बसलो. एक फ्रेज लूपरवर (वाजवलेलं तसंच पुन्हापुन्हा ऐकवणारं यंत्र) भरून तीच दोन्ही डब्यांतून सोडली. ऐकणारे भिंतीकडे तोंड करून. पहिल्या फेरीत तिघांनीही नवं ओळखलं. "काय खोली आहे आवाजाला!" बासवाला तर उठून उभाच राहिला. मग मी मीटर पाहिला. नवं यंत्र तीन डेसिबल जोरात वाजत होतं. कान असाच फसतो, जे थोडं मोठं वाजतं ते त्याला चांगलं वाटतं. दुकानातले डेमोही ह्याच जोरावर विकतात. आवाज सारखे करून पुन्हा सात-आठ फेऱ्या घेतल्या. क्लीन, म्हणजे न फाडलेल्या आवाजावर कुणालाच काही सांगता येईना. जड डिस्टॉर्शनवर कीबोर्डवाला दादा बऱ्याचदा बरोबर होता, पण दोनदा जुन्यालाच "हे नवं" म्हणाला. स्वतः वाजवताना मला मात्र फरक जाणवला. हलक्या हाताने छेडलं की नवं यंत्र जास्त मऊ उत्तर देतं, व्हॉल्यूमचा नॉब खाली घेतला की जास्त छान साफ होतं. खोटं कशाला बोलू, दोन दिवस सोडवत नव्हतं.

पण तो फरक माझ्या बोटांना कळला. लॉनवर पनीरच्या काउंटरपाशी उभ्या असलेल्या पाहुण्याला तो कळणार आहे का?

आता लेटन्सीचं, म्हणजे तार छेडल्यापासून आवाज येईपर्यंतच्या उशिराचं. नव्या यंत्रात ती कमी आहे म्हणून बासवाला फार उड्या मारतो. मे महिन्यातल्या तापलेल्या हवेतसुद्धा तीन मीटरवरच्या मॉनिटरचा (स्टेजवर वाजवणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर) आवाज कानापर्यंत यायला आठ-नऊ मिलिसेकंद लागतात. डब्यातल्या एक-दोन मिलिसेकंदांसाठी लाख रुपये मोजण्यापेक्षा मॉनिटर दोन पावलं जवळ ओढ ना बाबा.

माझा खरा राग मात्र वेगळ्या गोष्टीवर आहे. जे "जुना डबा डिजिटल वाटतो" म्हणून रडतात, त्यातल्या बहुतेकांनी आपले पॅच, म्हणजे डब्यात साठवलेले तयार आवाज, रात्री अकराला, हेडफोन लावून, शेजारी उठू नये अशा आवाजात बनवलेले असतात. कमी आवाजात कानाला खर्ज आणि तार दोन्ही कमी ऐकू येतात, म्हणून आपण दोन्ही वाढवून ठेवतो. तोच पॅच स्टेजवर मोठ्याने लावला की खाली गढूळ आणि वर फिसफिस. मग दोष यंत्राचा. मी स्वतः चार वर्षं हेच केलं. नंतर एका दुपारी साऊंडवाल्याच्या गोदामात जाऊन, पीए खरोखर मोठ्याने लावून, सगळे पॅच नव्याने बसवले. शंभर हर्ट्झच्या खालचं कापलं, सहा-सात किलोहर्ट्झच्या वरचं कापलं, गेन, म्हणजे डिस्टॉर्शनचं प्रमाण, जवळजवळ निम्म्यावर आणला. गोदामात कूलर नव्हता, घाम गिटारवर टपटप पडत होता. त्या दिवशी माझं अपग्रेड झालं, आणि खर्च आला साऊंडवाल्याच्या दोन पोरांच्या समोशांचा.

शिवाय ही यंत्रं घरी बसूनही बदलतात. स्टॉम्प आला तेव्हा त्यात एका वेळी सहा ब्लॉक (एक ॲम्प किंवा एक इफेक्ट म्हणजे एक ब्लॉक) लावता यायचे. २०२० साली एका फुकट अपडेटने ते आठ झाले. २०२२च्या अपडेटने स्पीकर आणि माइकची अख्खी व्यवस्था बदलली, माइक बोटाने सरकवल्यासारखा हलवता येऊ लागला. आणि तंत्र कुठवर आलंय एवढंच पाहायचं असेल तर न्यूरल ॲम्प मॉडेलर नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, लॅपटॉपवर टाका आणि वाजवून पाहा.

हिशोबाचंही बोलतो. मला एका प्रोग्रामचे साधारण अडीच हजार मिळतात. पावणेदोन लाख म्हणजे सत्तर प्रोग्राम. लग्नाचे दोन सीझन फक्त त्या डब्यासाठी वाजवायचे.

आणि ज्या रात्री माझी खरी फजिती झाली, त्या रात्री डब्याच्या वयाचा काही संबंध नव्हता. वर्धा रोडच्या पुढचं एक लॉन. नवरदेव-नवरी स्टेजवर यायला दहा मिनिटं, जनरेटर बदलताना लाइट फडफडले आणि माझा ॲडॅप्टर मेला. स्टॉम्पला नऊ व्होल्ट लागतात, पण करंट तीन अँपियर. साध्या पेडलच्या ॲडॅप्टरवर तो जागाही होत नाही. दुसऱ्या गिटारवाल्याकडून मागून आणला, पिन बसली, स्क्रीन काळीच. शेवटी तीन तास गिटार थेट मिक्सरमध्ये लावून वाजवली. भुंगा पुन्हा डब्यात. मधल्या ब्रेकमध्ये नवरीचे मामा येऊन म्हणाले, "ते गिटारचं जरा कमी करा हो." क्वाड कॉर्टेक्स असतं तरी तेच झालं असतं, फक्त जास्त महाग फजिती.

मग घ्यायचं कुणी? ज्याच्याकडे वीसेक वर्षांपूर्वीचं यंत्र आहे, पॅच बदलताना मध्ये आवाज तुटतो, त्याने जरूर घ्यावं. स्टुडिओ चालवणाऱ्याने घ्यावं, त्याचं पोट त्यावर आहे. एकाच डब्यातून गिटार, गायकाचा माइक आणि इन-इअर (कानात घालायचा मॉनिटर) सांभाळणाऱ्यालाही उपयोग आहे. आणि ज्याला नुसती हौस आहे आणि पैसे आहेत, त्याने कुणाला कारण सांगत बसू नये. गाडी घेताना आपण सांगतो का? मला फक्त "जुन्याने आवाज निघत नाही, म्हणून घेतलं" हे पटत नाही.

माझ्यापुरतं ठरलं आहे. दोन ॲडॅप्टर, एक बरा स्टॅबिलायझर, आणि जमलं तर एक चांगला पॉवर्ड स्पीकर, माझ्या स्वतःच्या पायाजवळ ठेवायला. साऊंडवाल्याचा मॉनिटर बहुतेक वेळा गायकाकडे तोंड करूनच असतो, त्यात गिटार असते की नाही हे मला आजवर कळलेलं नाही.

एक ॲडॅप्टर काल आला. बासवाल्याला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "नवीन गिअर." निळी टिक दिसून राहिली, उत्तर नाही.