विंडोजशेजारी लिनक्स टाकल्याने वायफाय जळत नाही

जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: विंडोजच्या जोडीला लिनक्स (विंडोजसारखीच, पण मोफत सिस्टीम) टाकू नका; दोन सिस्टीम एकाच वायफाय कार्डावर भांडतात आणि कार्ड जळतं; आपल्याकडच्या लॅपटॉपांचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) लिनक्सला मिळतच नाहीत; नेट गेलं असेल तर सगळं फॉर्मॅट मारा आणि नुसतं विंडोज टाका. डिप्लोमाची, बीसीएची पोरं हे वाचून खरंच फॉर्मॅट मारतात आणि प्रोजेक्टच्या फायली घालवून बसतात. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ न पेलणारे कितीतरी जुने लॅपटॉप आपल्या घराघरांत आहेत, त्यांना लिनक्सचा मोठा आधार आहे. अशा वेळी ही भीती पसरू देणं मला बरोबर वाटत नाही.

आधी भांडणाचं आणि जळण्याचं बघू. ड्युअल बूटमध्ये, म्हणजे एकाच लॅपटॉपवर दोन सिस्टीम टाकल्यावर, दोन्ही सिस्टीम एकाच वेळी कधीच चालू नसतात. एक बंद झाल्यावरच दुसरी सुरू होते, मग भांडायचं कोणी? मात्र मेसेज लिहिणाऱ्याने जे पाहिलं ते खोटं नसावं. लिनक्स उघडल्यावर वायफायची यादीच दिसत नाही, हे खरंच होतं. पण त्याचं कारण पुष्कळदा विंडोजमधल्या 'फास्ट स्टार्टअप'मध्ये सापडतं.

विंडोज ८ पासून ही सोय आली. 'शट डाउन' दाबलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण गाभा आणि ड्रायव्हरांची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते, म्हणजे पुढच्या वेळी लवकर सुरू होता येतं. काही वायफाय आणि लॅन कार्डं यात अर्धवट झोपलेल्या अवस्थेत राहतात. लिनक्सचा ड्रायव्हर त्यांना जागं करायला जातो आणि कार्ड उत्तरच देत नाही. विंडोजचा डी ड्राइव्ह लिनक्समध्ये उघडत नाही किंवा नुसता वाचता येतो, तेही याच कारणाने.

शिरपूरहून भाच्याचा फोन आला, "मामा, वायफाय दिसतच नही. आते काय करू?" त्याला म्हटलं, विंडोजमध्ये जा, शट डाउन करू नको, 'रीस्टार्ट' कर आणि मेनू आला की उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार) निवड. रीस्टार्ट करताना विंडोज खरोखर पूर्ण बंद होतं, हा फरक फार थोड्यांना माहीत आहे. त्याने केलं, आणि घरातला राउटर यादीत दिसला. कार्ड जळलेलं असतं तर रीस्टार्टने ते जिवंत झालं नसतं. मग कायमचा इलाज सांगितला: कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', तिथे वरची 'चेंज सेटिंग्ज' ही ओळ दाबायची आणि 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप'ची खूण काढून सेव्ह करायचं. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर ही खूण एकदा पुन्हा बघून घ्यावी.

कार्ड जिवंत आहे का, हे लिनक्समध्येही तपासता येतं. टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, 'एलएसपीसीआय' (lspci) लिहा. यादीत 'नेटवर्क कंट्रोलर'ची ओळ असेल तर मदरबोर्डला कार्ड दिसतंय. मग 'आरएफकिल लिस्ट' (rfkill list) द्या. 'हार्ड ब्लॉक्ड' पुढे 'येस' असेल तर विमानाच्या चित्राची कळ किंवा लॅपटॉपच्या कडेचं बटण दाबलं गेलंय, एवढंच.

आता ड्रायव्हर. इथे मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे, पण ते अर्धवट आहे. इंटेलच्या कार्डांना सहसा काहीच करावं लागत नाही. अडचण येते ती स्वस्त लॅपटॉपमधल्या रिअलटेक आणि ब्रॉडकॉमच्या कार्डांना. रिअलटेकचं ८८२१सीई घ्या. त्याचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) ५.९ या आवृत्तीत, २०२० साली आला. उबंटू २०.०४ सुरुवातीला ५.४ कर्नल घेऊन आलं होतं. मित्राकडून मित्राकडे फिरणाऱ्या जुन्या पेनड्राइव्हवरून तेच टाकलं तर वायफाय दिसणार नाही. उबंटू २२.०४ मध्ये कर्नल ५.१५ आहे, त्यात हे कार्ड ओळखलं जातं. म्हणजे लॅपटॉप तोच, कार्ड तेच, पेनड्राइव्ह तेवढा शिळा. डेबियन या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारानेही १२ व्या आवृत्तीपासून, २०२३ साली, कार्डांना लागणारं फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) अधिकृत इन्स्टॉलरमध्येच दिलंय.

ब्रॉडकॉमसाठी उबंटूत 'अॅडिशनल ड्रायव्हर्स' उघडायचं. त्यासाठी नेट लागतं आणि नेटच तर नाही, असं म्हणून पोरं इथे अडतात. मोबाइल यूएसबी केबलने जोडा आणि फोनमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. लॅपटॉपच्या वायफाय कार्डाचा त्यात काही संबंधच येत नाही, त्यामुळे नेट लगेच मिळतं.

एका ठिकाणी मात्र जपून. सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ न देणारी सोय) चालू असेल तर असा ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात, आणि पुढच्या सुरुवातीला निळा पडदा येतो. बहुतेक जण घाईत 'कंटिन्यू बूट' दाबतात. मग ड्रायव्हर टाकलेला असूनही चालत नाही. तिथे 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. दुकानात 'हे कार्ड लिनक्सला चालत नाही' म्हणून परत पाठवलेले लॅपटॉप मी या एका पडद्यावरून दुरुस्त झालेले पाहिलेत.

तालुक्याच्या गावांत आणखी एक प्रकार दिसतो. केबलवाल्याचं कनेक्शन थेट कॉम्प्युटरला लावलेलं असतं आणि विंडोजमध्ये युजरनेम-पासवर्ड देऊन 'डायल' करावं लागतं. लिनक्समध्ये हे कनेक्शन आपोआप येत नाही. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'डीएसएल' किंवा 'पीपीपीओई' निवडून तेच युजरनेम-पासवर्ड भरा.

वायफाय जोडलेलं दिसतंय, पण वेबसाइट उघडत नाही? टर्मिनलमध्ये 'पिंग ८.८.८.८' (ping 8.8.8.8) करून बघा. उत्तर आलं तर लाइन ठीक आहे, बहुधा डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) बिघडलंय. कनेक्शनच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून १.१.१.१ टाका.

राहिला फॉर्मॅटचा सल्ला. नव्या विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप बहुतेक लॅपटॉपांवर आपोआप चालू असतं. म्हणजे पुढे कधी लिनक्स टाकलंत की तीच अडचण पुन्हा उभी राहणार. ज्याने काही सुटत नाही त्यासाठी वर्षभराच्या फायली पुसायच्या कशाला? कोणाकडे मदत मागायची असेल तर एलएसपीसीआय, आरएफकिल लिस्ट आणि पिंग यांच्या पडद्यांचे फोटो पाठवा, आणि लिनक्सची आवृत्ती सांगा. जाणकार माणसाला फोनवरून दुरुस्ती सांगायला तेवढं बहुतेक वेळा पुरतं.