टंचाई आहे, तर मग नर्सिंग झालेल्या मुली घरी का?

बारावीचे निकाल लागले की एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो माझ्या भाचीनेच पाठवला आणि विचारलं, "मावशी, हे खरंय का?" मजकूर असा: 'देशात नर्सेसची प्रचंड टंचाई आहे. नर्सिंग करा, पास झाल्याबरोबर नोकरी पक्की. ज्यांना मिळत नाही त्यांना गाव सोडायचं नसतं. इथे नाही जमलं तर परदेशात लाखाचा पगार आहेच.' मी एकवीस वर्षं वॉर्डात आहे, त्यातली आठ इन्चार्ज सिस्टर म्हणून. नव्या मुलींच्या मुलाखतींना मलाही बसवतात. भाचीला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

टंचाई खरी आहे. हजार लोकांमागे तीन नर्सेस हव्यात असं मानतात. आपल्याकडे नोंदणीच्या आकड्यांवर जेमतेम दोन भरतात, आणि त्या नोंदणीत परदेशी गेलेल्या, काम सोडून दिलेल्याही आहेत. पण ही टंचाई रुग्णाच्या खाटेशी जाणवते, पगारपत्रकावर ती दिसत नाही. माझ्या वॉर्डात रात्री ३६ खाटांना दोघी असतात. तिसरी मागितली की उत्तर येतं, 'जागा मंजूर नाही, भागवा.' आम्ही भागवतो, आणि त्या भागवण्यात एका नव्या मुलीला मिळू शकणारी नोकरी जाते. लहान दवाखान्यांत तर सहा महिने हाताखाली शिकवलेल्या, नर्सिंग न झालेल्या मुली पांढरा ड्रेस घालून सलाईन लावतात. त्या स्वस्त पडतात.

'पास झाल्याबरोबर' हे तर साफ खोटं. निकालानंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हातात पडेपर्यंतच कितीतरी आठवडे जातात. त्यानंतर खरी अडचण सुरू होते, ती अनुभवाची. मोठी हॉस्पिटलं 'फ्रेशर नको' म्हणतात. फ्रेशरला घेतात ती पंधरा-वीस खाटांची नर्सिंग होम. आता एम्सची नॉरसेट, म्हणजे नर्सच्या भरतीची परीक्षा बघा. बीएस्सी नर्सिंगची पदवी झालेल्यांना तिथे अनुभवाची अट नाही, पण जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेल्या मुलीला किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे वीस खाटांच्या ठिकाणी चार वर्षं नाइट केल्या तरी त्या परीक्षेसाठी तिचा अनुभव शून्य. गेल्या वर्षी मुलाखतीला आलेल्या एका मुलीला हे आमच्यासमोर कळलं. ती काहीच बोलली नाही, फाइल बंद करून बसून राहिली.

त्या मुलीला आधीच्या ठिकाणी महिना नऊ हजार मिळत होते. मूळ सर्टिफिकेटं तिथेच जमा आणि बाँड, म्हणजे ठरावीक काळ तिथेच काम करण्याचा करार, पूर्ण झाल्याशिवाय अनुभवाचा दाखला नाही. २०१६ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने खासगी हॉस्पिटलांतल्या नर्सेसच्या पगारासाठी समिती नेमायला सांगितली होती. ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी महिना किमान २० हजार, आणि २०० च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतकाच पगार द्यावा, अशी त्या समितीची शिफारस आहे. माझ्यासमोर बसलेल्या किती मुलींनी हा आकडा ऐकलेला असतो? मला आजवर दोघीच भेटल्या.

गाव सोडायचं नसतं, हे वाचून मला राग आला. परभणी-हिंगोलीच्या मुली पुण्यात एका खोलीत सहा-सहा जणी राहतात, रात्रपाळीवाली उठली की दिवसपाळीवाली त्याच कॉटवर झोपते. आणि सरकारी नोकरी म्हणाल, तर भरती दरवर्षी निघत नाही. मधल्या काळात असतात ती कंत्राटी पदं. २०२२ मध्ये राज्यातल्या परिचारिका संपावर गेल्या, त्यातली मोठी मागणीच बाह्यस्रोतातून भरती नको, ही होती. ब्रदर्सचं, म्हणजे पुरुष नर्सेसचं, आणखी अवघड. एम्समध्ये ८० टक्के जागा स्त्रियांसाठी राखीव, आणि लहान हॉस्पिटलं मुलगा म्हटल्यावर फोनवरच नाही म्हणतात.

परदेशाची वाटही या पहिल्या नोकरीवरूनच जाते. आखाती देशांत बहुतेक ठिकाणी दोन वर्षांचा अनुभव मागतात. जर्मनीसाठी २०२४ मध्ये आपल्या राज्याने तिथल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी करार केला, त्याचा बोलबाला खूप झाला. पण तिथे नर्स म्हणून मान्यता हवी तर साधारण बी-टू पातळीपर्यंत, म्हणजे सहा पातळ्यांतल्या चौथ्या पातळीपर्यंत, जर्मन भाषा यावी लागते. नऊ हजारांत बारा तासांची ड्युटी करणारी मुलगी त्या क्लासला वेळ आणि फी कुठून आणणार?

भाचीला मी नर्सिंग करू नकोस असं म्हटलेलं नाही. हे काम मला आजही आवडतं. तिला सांगितलं, जमत असेल तर जीएनएमपेक्षा बीएस्सीला जा. कॉलेजचं स्वतःचं हॉस्पिटल किती खाटांचं आहे आणि मागच्या बॅचच्या किती मुली तिथेच लागल्या, हे ऑफिसात विचारू नकोस, शेवटच्या वर्षाच्या मुलींना होस्टेलवर जाऊन विचार. आणि मूळ सर्टिफिकेट कुणी ठेवून घेतो म्हणाला, तर झेरॉक्स देऊन ये, मूळ देऊ नकोस.