समुपदेशकाला ‘तुमचं वागणं मला लागलं’ असं सांगता येतं का?

समुपदेशनाला जायचं ठरलं की लोक डिग्री विचारतात, थेरपी कुठली करतात ते विचारतात. ते विचारायलाच हवं. नीट प्रशिक्षण न घेतलेल्या माणसाच्या हाती आपलं मन देऊ नये. पण या माणसासमोर मला खरं बोलता येईल का, हा प्रश्न मागेच राहतो. माझ्या मते निम्मं काम तिथेच ठरतं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स आधी शेतकी शिकायला गेले, मग धर्मशास्त्राकडे आणि तिथून मानसशास्त्राकडे वळले. अमेरिकेत रॉचेस्टरला मुलांसाठी काम करताना एका त्रास देणाऱ्या मुलाची आई त्यांच्याकडे यायची. आईनं लहानपणी झिडकारलं म्हणून मुलगा असा वागतो, हे त्यांचं निदान. ते तिला हळुवारपणे, पुन्हा पुन्हा समजावत राहिले. काहीच हललं नाही. शेवटी ‘आपलं जमत नाहीये, थांबू या’ असं त्यांनी सरळ सांगितलं. तीही कबूल झाली, उठली, दारापर्यंत गेली. तिथे वळून तिनं विचारलं, की मोठ्यांसाठीही समुपदेशन करता का? हो म्हणताच ती परत येऊन बसली आणि आपल्या मोडकळीला आलेल्या संसाराबद्दल बोलू लागली. खरं काम तिथून सुरू झालं. रॉजर्स यांच्या पुढच्या सगळ्या विचारात मला ती बाई दिसते. 1957 साली त्यांनी मांडलं, की समुपदेशकानं समोरच्याला आतून समजून घ्यावं, अटी न घालता स्वीकारावं आणि स्वतः मुखवटा चढवू नये; माणूस बदलतो तो अशा नात्यात.

हे नुसतं गोड बोलणं नाही. 2018 साली 295 अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा हे नातं आणि उपचाराचा परिणाम यांच्यातला सहसंबंध सुमारे 0.28 निघाला (0 म्हणजे काहीच संबंध नाही, 1 म्हणजे पूर्ण संबंध). आकडा मोठा नाही. पण थेरपी कुठलीही असो, तो टिकून राहतो, आणि म्हणून मला तो महत्त्वाचा वाटतो.

नात्याची परीक्षा मात्र सगळं सुरळीत चाललेलं असताना होत नाही. समजा तुम्ही म्हणालात, “मागच्या वेळी मी आईबद्दल बोलत होते आणि तुम्ही घड्याळ पाहिलंत.” एक समुपदेशक म्हणेल, “छे, तुमचा गैरसमज झाला.” दुसरी म्हणेल, “हो, पाहिलं होतं. तेव्हा तुम्हाला काय वाटलं?” आयुष्यभर दुखलेलं गिळत आलेल्या माणसाला आपण बोललो आणि तरी नातं तुटलं नाही, हा अनुभव तिथे पहिल्यांदा येतो. जेरेमी सॅफ्रन आणि क्रिस्टोफर म्युरान या मानसशास्त्रज्ञांनी आपल्या संशोधनाचा मोठा भाग या तुटण्या-सांधण्यालाच दिला.

आणि हो, ही मैत्री नव्हे. ठरलेली वेळ, ठरलेली फी, गुप्तता, खोलीबाहेर दुसरं कुठलं नातं नाही. या मर्यादा पाळल्या जातात म्हणूनच तिथे सगळं बोलता येतं. “तुम्हाला माझ्याशिवाय कुणी समजून घेणार नाही” असं कुणी म्हणालं, तर तिथून बाहेर पडा.

काही भेटींनंतरही जीभ रेटत नसेल, तर आधी तेच तिथे बोलून दाखवा. तरीही जमलं नाही तर समुपदेशक बदला, बिनदिक्कत बदला. चांगला समुपदेशक रागावणार नाही. तो तुम्हाला दुसऱ्या कुणाचं तरी नाव सुचवेल.