बाग गेली, मोरचूद कुठं गेलं?

आमची २० वर्षांची द्राक्षबाग यंदा काढली. तासगावकडच्या लोकांना यात नवल वाटायचं नाही. तार-अँगल भंगारात गेले, वेली जाळल्या, रोटर फिरला. आता त्या रानात मेथी-पालक करायचं आबांच्या मनात आहे आणि मी आडवा पडलोय. घरात कुणी ऐकत नाही, म्हणून इथं लिहितोय.

बागेवर मारलेल्या तांब्याचा हिशोब बघा. बोर्डो हे बुरशीवरचं औषध, एक टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटर पाण्याला किलोभर मोरचूद, किलोभर चुना. मोरचुदात चौथा हिस्सा तांबं. एकरी ४०० लिटर फवारलं की किलोभर तांबं रानात. पानावर बसलेलंसुद्धा छाटणीनंतर पानासकट मातीतच येतं. एकराची वरची अर्धा फूट माती साधारण ९ लाख किलो भरते, म्हणजे एका फवारणीला जवळजवळ एक पीपीएम, दहा लाख भागांत एक भाग. डावणीच्या, म्हणजे पानावरच्या बुरशीच्या, धास्तीनं एकेका पावसाळ्यात आम्ही किती वेळा फवारणीचा ब्लोअर फिरवलाय ते आठवून बघतो आणि गप्प बसतो. बाकीची औषधं आज ना उद्या विरतात, तांबं धातू आहे, ते विरत नाही. युरोपीय संघानं तांब्याला ७ वर्षांत हेक्टरी २८ किलोंची मर्यादा घातलीय. आपल्या एकरात सांगायचं तर वर्षाला दीड किलोच्या जरा वर. दोन फवारण्यांत खेळ खलास!

बांधापलीकडं चुलत्यांचा ऊस. माती तीच, विहीर तीच, पण तिथं तांब्याचा प्रश्नच नाही. तिथं विचारायचं ते कॅडमियम या विषारी धातूचं, कारण सुपर फॉस्फेट ज्या खडकापासून बनतं त्यात ते थोडंफार असतं. हायवेकडेच्या रानाची गोष्ट आणखी वेगळी, २००० सालापर्यंत पेट्रोलमध्ये शिसं होतं. म्हणून म्हणतो, माती तपासायच्या आधी सातबाऱ्यावरची जुनी पीकपाहणी काढा. रानात काय साठलंय याचा अंदाज तिथंच लागतो.

"मातीच्या पत्रिकेवर तांबं पुरेसं लिहिलंय, मग तुझं काय दुखतंय?" इति आबा. अहो, ती पत्रिका कमतरता शोधायला केलेली. ०.२ पीपीएमच्या खाली गेलं तर ती बोलणार, जास्त झाल्याचं कशाला सांगेल? ती तपासते त्या १२ घटकांत कॅडमियम नाही, शिसंही नाही.

उगाच भीती घालायची नाही. आपली काळी, चुनखडीची माती तांबं घट्ट धरून ठेवते, पिकात फार चढू देत नाही. पण जास्त झालं तर मुळं आखडतात, गांडुळं कमी होतात. पालेभाजीची मुळं नेमकी त्याच वरच्या थरात. माझं म्हणणं एवढंच, आधी एकूण तांबं तपासू, तोवर ज्वारी टाकू.

बेसाल्टच्या मातीत तांबं मुळातच असतं, म्हणून नमुने दोन घेतलेत: एक बागेतला, एक कधीच बाग नसलेल्या बांधाकडचा. दोन्ही सोप्यात सावलीला वाळत घातलेत. काल संध्याकाळी बघतो तर आबांनी शेजारीच मेथीच्या बियाण्याची पिशवी आणून ठेवलीय.