कोअरबूटचा फॉरवर्ड: काय खरं, काय थापा

ऑक्टोबर 2025 मध्ये विंडोज 10 चा सपोर्ट संपला. तेव्हापासून धुळे-जळगावच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. थोडक्यात असा: ‘जुना लॅपटॉप भंगारात देऊ नका. कोअरबूट नावाच्या फुकट बायोसची नवी आवृत्ती आली आहे, 4 वरून थेट 25 वर झेप! कोणत्याही कॉम्प्युटरवर चालते. फाईल डाउनलोड करा, डबल क्लिक करा. लॅपटॉप दोन सेकंदांत चालू, व्हायरस कायमचा बंद, कंपनीचा छुपा हेर बाहेर, विंडोज 11 सुद्धा चालेल. कंपन्या ही गोष्ट तुमच्यापासून लपवतात.’ खाली ‘जास्तीत जास्त विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवा’.

विद्यार्थ्यांपर्यंत तो पोचलाच आहे, आणि त्यांचे बंद पडलेले लॅपटॉप माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर. बायोस म्हणजे लॅपटॉप चालू होताच, विंडोजच्याही आधी चालणारा, मदरबोर्डाच्या चिपमधला छोटा प्रोग्राम, आणि कोअरबूट हा त्याचाच खुला पर्याय. ते बोगस नाही. उलट मला ते मनापासून आवडतं, म्हणूनच त्याच्या नावावर खपवलेल्या थापा जास्त खटकतात.

आधी ते ‘लपवतात’ निकालात काढू. कोअरबूटची सुरुवात 1999 मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत झाली. रॉन मिनिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ढीगभर यंत्रांचा समूह चालवायचा होता आणि नेहमीचा बायोस त्यात आडवा येत होता. तेव्हा नाव होतं लिनक्सबायोस, 2008 मध्ये ते कोअरबूट झालं. आज गूगलची क्रोमबुक कोअरबूटवरच चालू होतात. लाखो यंत्रांत कंपनीनेच घालून विकलेली आणि सोर्स कोड सगळ्यांसमोर असलेली गोष्ट कोणी लपवली म्हणायची?

4 वरून 25 ही तर झेपच नाही. 4.22 पर्यंत जुनी मोजणी होती, नंतर त्यांनी वर्ष आणि महिना लिहायला सुरुवात केली. 24.02 म्हणजे 2024 चा फेब्रुवारी, 25.03 म्हणजे 2025 चा मार्च. कॅलेंडर बदललं, चमत्कार झाला नाही. नव्या आवृत्तीत बहुतेक वेळा काही नवे बोर्ड (म्हणजे मदरबोर्ड) जोडलेले असतात आणि जुन्या बोर्डांच्या दुरुस्त्या असतात. तुमचा बोर्ड यादीतच नसेल तर आवृत्ती कितीही नवी असो, तुम्हाला तिचा उपयोग शून्य.

आता मुख्य थाप: ‘कोणत्याही कॉम्प्युटरवर’.

कोअरबूट कॉम्प्युटरसाठी नसतं, बोर्डासाठी असतं. चालू होताच रॅम जागी करणं, चिपसेटची मांडणी लावणं, कोणत्या पिनेवर काय जोडलंय ते ठरवणं हे त्याचं काम, आणि हे सगळं बोर्डागणिक बदलतं. अंगावर बेतून शिवलेला सदरा दुसऱ्याला बसत नाही, तसंच. मॉडेलच्या नावावरही जाऊ नका. लेनोवोच्या थिंकपॅड लॅपटॉपांतली एक्स 230 आणि एक्स 230 एस ही नावं सख्ख्या भावांसारखी वाटतात, पण आतले बोर्ड वेगळे.

शिवाय कोअरबूट प्रकल्प आपल्या आवृत्तीसोबत तयार फाईल देतच नाही. देतो तो सोर्स कोड. आपला बोर्ड निवडून तो आपण कंपाइल करायचा, म्हणजे त्यापासून चालणारी फाईल बनवायची, आणि पुढचं पेलोड, म्हणजे कोअरबूटनंतर चालून विंडोज किंवा लिनक्सकडे नेणारा प्रोग्राम (सीबायोस, ग्रब किंवा ईडीके-2), त्याला जोडायचं. तयार फाईल लिब्रेबूटसारखे त्यावर उभे असलेले प्रकल्प देतात. पण तिथेही एक्स 230 सारख्या काही बोर्डांच्या फाईलमधून इंटेलचा भाग परवान्याच्या कारणाने काढलेला असतो. तो त्यांच्या स्क्रिप्टने परत भरायचा आणि मगच फाईल चिपवर चढवायची. फॉरवर्डमध्ये यातली एक ओळ नाही. मग त्या लिंकवरची ‘फाईल’ नेमकी कोणाच्या बोर्डाची?

शिरपूरकडचा एक मुलगा आठव्या पिढीचा आय-5 लॅपटॉप घेऊन आला होता. कोणीतरी लॅपटॉप उघडून, बायोसच्या चिपला क्लिप लावून अशीच फाईल तिच्यावर चढवून दिली होती. पॉवरचा दिवा लागतो, पंखा फिरतो, स्क्रीन काळी. ‘आते काय व्हई भाऊ?’ जुन्या बायोसची प्रत काढलीय का, विचारलं. नव्हती काढली. खरं नुकसान ते. त्या एवढ्याशा चिपमध्ये नुसता बायोस नसतो. लॅन कार्डाचा मॅक पत्ता (नेटवर्कवरची त्याची ओळख), लॅपटॉपचा सिरीयल नंबर, कंपनीने घातलेली विंडोजची की असं त्याच यंत्राचं म्हणून बरंच काही असतं. कंपनीच्या अपडेटमधून बायोस परत मिळवता येतो. हे बाकीचं एकेक करून हाताने भरावं लागतं, आणि लॅपटॉपच्या तळाचं लेबल पुसलेलं असेल तर तेही अवघड.

त्या लॅपटॉपवर फाईल बरोबर असती तरी भागलं नसतं. चौथ्या पिढीपासून, म्हणजे 2013 पासून, इंटेलने बूट गार्ड आणलं. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने ते चालू केलं की तिच्या डिजिटल किल्लीची खूण चिपसेटमध्ये कायमची कोरली जाते आणि तिची सही नसलेला बायोस सुरूच होत नाही. थिंकपॅड टी 480 वर हे कुलूप चुकवता आलंय, तेही 2017 मध्ये उघड झालेल्या इंटेलच्याच त्रुटीमुळे. तो अपवाद आहे. दुकानात येणाऱ्या बहुतेक नव्या लॅपटॉपांवर हा रस्ता बंदच.

डबल क्लिकचं सांगायचं तर कंपनीचा बायोस स्वतःच्या चिपवर सहसा दुसऱ्याला लिहू देत नाही. पहिल्यांदा कोअरबूट टाकताना म्हणूनच बहुतेक वेळा लॅपटॉप उघडावा लागतो. एक्स 230 चा कीबोर्ड आणि पामरेस्ट काढला की आठ पायांच्या दोन चिप दिसतात, एक 8 एमबीची, एक 4 एमबीची. बॅटरी आणि चार्जर काढायचा, चिपला क्लिप लावायची, प्रोग्रामरने (चिप वाचायच्या-लिहायच्या छोट्या उपकरणाने) आतला मजकूर निदान दोनदा वाचायचा आणि दोन्ही फाईल तंतोतंत जुळल्याशिवाय लिहायला हात लावायचा नाही. बाजारात मिळणारा काळा सीएच 341 ए प्रोग्रामर डेटाच्या पिनांवर 5 व्होल्ट सोडतो, चिप असते 3.3 ची. कितीतरी वेळा निभावतं, एखाद्या वेळी चिप किंवा बोर्ड घेऊन जातं. लोडशेडिंगची भीती मात्र इथे कमी. प्रोग्रामर दुसऱ्या, बॅटरीवाल्या लॅपटॉपला जोडा, आणि लिहिणं मध्येच तुटलं तर पुन्हा लिहा.

‘छुपा हेर’ म्हणजे इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन, चिपसेटमध्येच बसवलेला एक वेगळा छोटा कॉम्प्युटर. ते हेरगिरी करतं याचा पुरावा कोणी समोर ठेवलेला नाही, त्यात त्रुटी मात्र नक्की सापडल्या आहेत. कोअरबूटने ते निघून जातं का? थिंकपॅड एक्स 200 सारख्या 2008 च्या यंत्रावर पूर्ण काढता येतं. एक्स 230 वर कातरून बारीक करता येतं. तिथे साफ पुसलंत तर लॅपटॉप अर्ध्या तासाने आपोआप बंद पडतो. नव्या इंटेल यंत्रांवर तर खुद्द कोअरबूटला रॅम आणि चिपसेट जागे करण्यासाठी इंटेलची एफएसपी नावाची, कोड बंद असलेली फाईल सोबत घ्यावी लागते.

वेग: बायोसचे काही सेकंद वाचतात, हे खरं. पण तुमचा लॅपटॉप बायोसमुळे रडत नाहीये, फिरत्या हार्ड डिस्कमुळे रडतोय. एसएसडी टाका, रॅम वाढवा.

व्हायरस: कोअरबूट अँटीव्हायरस नाही. झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राइव्हवर आलेला व्हायरस विंडोजमध्ये बसतो, त्याला खालचा बायोस कुठलाही चालतो. आणि खुला कोड म्हणजे निर्दोष कोड असंही नाही. जानेवारी 2024 मध्ये ईडीके-2 च्या नेटवर्कच्या भागात नऊ त्रुटी उघड झाल्या, आणि ईडीके-2 खुलंच आहे. कोड खुला असल्याने कोणालाही तो तपासता येतो, हा त्याचा फायदा.

विंडोज 11 ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची आणि टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय लागते. बायोस बदलून प्रोसेसरची पिढी बदलत नाही. जुन्या यंत्रावर लिनक्स मजेत चालतं, आणि त्यासाठी कोअरबूट लागतच नाही.

एक खरा फायदा फॉरवर्डवाल्याला माहीतच नसावा. जुन्या थिंकपॅडचा बायोस कंपनीच्या यादीबाहेरचं वायफाय कार्ड घेत नाही, लावलं की चालू होतानाच अडून बसतो. कोअरबूटवर ती यादीच नसते, त्यामुळे हवं ते कार्ड बसवा. बॅटरीचं तसं नाही. पंखा, चार्जिंग आणि बॅटरीची ओळख ही कामं एम्बेडेड कंट्रोलर नावाच्या वेगळ्या चिपकडे असतात. तिचं फर्मवेअर, म्हणजे तिच्या आतला प्रोग्राम, वेगळं, कोअरबूट त्याला हात लावत नाही. त्यामुळे बाहेरच्या कंपनीची स्वस्त बॅटरी तुमच्या एक्स 230 ने आज नाकारली असेल, तर कोअरबूट टाकल्यावरही तो ती नाकारणारच.